माद्रिद नक्षीचा मधाळ संच: घ्यावा, पण काठ चाचपून

डिप्रेशन ग्लासचा, म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातल्या स्वस्त, रंगीत, साच्यातल्या काचभांड्यांचा, पहिला संच जमवायला फेडरल ग्लास कंपनीची माद्रिद नक्षी उत्तम, त्यातही मधाळ पिवळा रंग. ओहायोतल्या कोलंबसच्या या कारखान्याने ती १९३२ ते १९३९ या काळात काढली. ताटल्या चौकोनी वळणाच्या, काठावर दाट वेलबुट्टी. पिवळा माल भरपूर निघाल्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या बाजारांत कप-बश्या आणि लहान ताटल्या आजही परवडतात. अडतं ते साडेदहा इंची जेवणाच्या ताटलीशी आणि साखरेच्या भांड्याच्या झाकणाशी. नंतर झाकण मिळेल या भरवशावर नुसतं भांडं घेऊ नये.

खरी गोम पुढे आहे. अमेरिकेच्या द्विशताब्दीला, १९७६ मध्ये, फेडरलनेच ही नक्षी ‘रिकलेक्शन’ या नावाने पुन्हा पिवळ्या रंगात काढली. त्या वस्तूंवर बारीकसा ७६ आकडा असतो. नक्षीत तो सहज लपतो, म्हणून ताटली उजेडासमोर तिरकी धरून बघावी. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि आकडा काढून टाकला गेला. तिथून निघालेला निळा रंग जुन्या निळ्यापेक्षा भडक, गुलाबी मात्र फिका. कप्प्यांची ताटली हातात आली तर कप्पे मोजा: जुनीत तीन, नवीत दोनच. नवा माल वाईट नाही, पण जुन्याच्या भावाने कशाला घ्यायचा? अतिनील टॉर्चवर तर मुळीच विसंबू नये. त्या प्रकाशात चमकणारी युरेनियमची काच आजही बनते, त्यामुळे नुसती चमक वयाचा दाखला ठरत नाही.

घेताना डोळ्यांपेक्षा बोट कामाचं. नख काठावरून, विशेषतः कोपऱ्यांवरून फिरवा. रचून ठेवलेल्या ताटल्यांचे टवके तिथेच उडतात. काचेत गवताच्या काडीसारखी रेघ दिसली पण नखाला लागली नाही, तर ती घडवतानाची खूण आहे, तडा नव्हे. काच धुरकट असेल तर विक्रेत्याला विचारून ओली करावी. ओली असताना स्वच्छ आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तरी लगेच हात आखडू नये. क्षार असतील तर तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर निघतात. तरीही धूर राहिला तर काचच खाल्ली गेली आहे, बहुतेक वेळा डिशवॉशरच्या साबणाने. त्यावर घरगुती इलाज नाही.

वापरायला हरकत नाही, फक्त ही काच उष्णतेला टिकणारी नव्हे. उकळता चहा थेट ओतू नये, मायक्रोवेव्ह तर नाहीच. कोमट पाणी, सौम्य साबण, सिंकच्या तळाला रबरी चटई किंवा जाड फडकं. कपाटात दोन ताटल्यांमध्ये कापडाचा तुकडा घालावा. कप कपात बसवू नयेत. काढताना अडकतात, आणि ओढलं की कान तुटतो.