वन्यजीव संवर्धनाच्या जुन्या दप्तरांचे सूचीकरण: एका विद्यार्थी इंटर्नशिपचा अभिप्राय

जुनी कागदपत्रे स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली की काम संपले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात नीट नोंद नसलेले स्कॅन अभ्यासकाच्या हाती लागतच नाही. या नोंदी करण्यासाठी एका अभिलेखागाराने ठेवलेली ऑनलाइन इंटर्नशिप मी नुकतीच पूर्ण केली. ती अवश्य करावी असे माझे मत आहे, मात्र एक तक्रार गंभीर आहे.

डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित आराखड्याचे १५ घटक, दप्तराचा मूळ क्रम न मोडण्याचे तत्त्व वगैरे प्राथमिक प्रशिक्षण व्यवस्थित होते. खरे शिक्षण झाले ते नोंदींच्या तपासणीतून. एका पत्रावर तारीख नव्हती, पण वरच्या बाजूला ‘इंटरनॅशनल युनियन फॉर द प्रोटेक्शन ऑफ नेचर’ असे संस्थेचे नाव छापलेले होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने १९५६ मध्ये नाव बदलले आणि ती आययूसीएन (निसर्ग संवर्धनासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना) झाली, तेव्हा पत्र या दोन सालांच्या दरम्यानचे असावे, असा तर्क मी मांडला. तपासणाऱ्या अभिलेखपाल बाईंनी तो मान्य केला. मात्र नाव बदलल्यावरही शिल्लक छापील कागद वापरले जातात, हे लक्षात आणून देऊन त्यांनी तारखेआधी ‘अंदाजे’ हा शब्द आणि टिपेच्या रकान्यात अंदाजाचा आधार लिहायला सांगितले. एवढी बारकाईने तपासणी मला वर्गात कधी मिळाली नव्हती.

प्राण्यांच्या नावांबाबतही हीच शिस्त होती. हिमबिबट्याचा उल्लेख ‘उन्सिया उन्सिया’ असा असेल तर तो तसाच ठेवायचा आणि ‘पँथेरा उन्सिया’ हे आजचे स्वीकृत नाव वेगळ्या रकान्यात द्यायचे. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी ठिकाणे सार्वजनिक नोंदीतून वगळली जात, आणि ते योग्यच आहे. छायाचित्रात साहेबाचे नाव असते, शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक वाटाड्याचे नसते. अशा वेळी ‘नाव अज्ञात’ म्हणून का होईना, त्याची दखल घ्यायचीच, हा नियम मला विशेष मोलाचा वाटला.

तक्रार आहे ती कामाच्या मोजमापाची. दर आठवड्याला प्रगती केवळ नोंदींच्या संख्येवर ठरे, त्यामुळे छापील पावती आणि पुसट शाईतली, समासात दुरुस्त्या असलेली क्षेत्रनोंदवही यांना सारखेच वजन मिळे. परिणामी अवघड कागद मागे पडत आणि सोपे कागद भराभर उरकले जात. संशोधकांना गरज मात्र नेमकी त्या अवघड कागदांचीच असते. शिवाय मानधन नव्हते आणि नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव सूचीत कुठेही दिले जात नव्हते. अर्ज करणाऱ्यांनी नोंदी कोण तपासणार, काम कसे मोजणार आणि श्रेय कसे देणार, हे तीन प्रश्न आधीच लेखी विचारून घ्यावेत.