व्हीलॅनचं नाव: नंबरावरून ठेवावं की कामावरून?

सिस्को यूसीएसची (सिस्कोच्या सर्व्हर यंत्रणेची) नवी रॅक उभी राहतेय आणि व्हीलॅनची, म्हणजे एकाच नेटवर्कच्या आभासी भागांची, यादी भरायची आहे. 'व्हीलॅन-१२०' असं नाव द्यावं की नुसतं 'बॅकअप'?

स्विच फक्त नंबर ओळखतो. ८०२.१क्यू टॅगमध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटावर लागणाऱ्या व्हीलॅनच्या चिठ्ठीत, नंबरासाठी १२ बिट असतात, म्हणून १ ते ४०९४ एवढेच नंबर हाती येतात. त्यातलेही काही यूसीएस स्वतःकडे राखून ठेवतं. सर्व्हिस प्रोफाइलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंग्जच्या संचात) मात्र व्हीनिकला, म्हणजे सर्व्हरच्या आभासी नेटवर्क कार्डाला, व्हीलॅन जोडलं जातं ते नावाने. निर्णय घेताना हेच धरून चाला.

नंबराचं नाव रात्री दोन वाजता कामाला येतं. फोनवर नेटवर्कवाला '१२०' म्हणतो आणि तुमच्या स्क्रीनवरही १२०च दिसतो. डेटा सेंटर एकच असेल आणि नंबर हलणार नसतील, तर खुशाल हेच घ्या.

पण मुंबईत बॅकअप १२० वर आणि हैदराबादच्या डीआर साइटवर (आपत्तीसाठीच्या पर्यायी डेटा सेंटरवर) ३४० वर असेल तर? 'बॅकअप' नाव असलं की दोन्हीकडे प्रोफाइलचं एकच टेम्प्लेट चालतं, नंबर ज्या-त्या साइटवर वेगळा भरायचा. 'व्हीलॅन-१२०' असेल तर हैदराबादला नाव एक सांगतं आणि वायरवर दुसराच टॅग जातो. यूसीएस मॅनेजरमध्ये (यूसीएस सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकदा सेव्ह केलेलं नाव बदलता येत नाही, म्हणजे नवं व्हीलॅन बनवा आणि एकेक टेम्प्लेट उघडून जुनं काढा. ते टाळायला मी एकदा जुन्या नावाखाली नवा नंबर चालू ठेवला. नंतर आलेल्या सहकाऱ्याने नावावर भरवसा ठेवून अपलिंकवर (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीवर) नव्या नंबराऐवजी १२० उघडला आणि बॅकअप रात्रभर बंद राहिले. चूक त्याची नव्हती.

'बॅकअप-१२०' हा मधला मार्ग पुष्कळांना आवडतो, पण नंबर हलला की त्याचीही तीच गत.

माझं मत कामाच्या नावाला. नंबर वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि तो तक्ता नेटवर्कवाल्यांसोबत एकच असू द्या. स्पेलिंग मात्र काटेकोर हवं. व्हीएमवेअरच्या स्टँडर्ड स्विचवर दोन होस्टांच्या पोर्ट ग्रुपच्या (स्विचवरच्या पोर्टांच्या गटाच्या) नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी व्हीमोशन, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं, अडतं. व्हीलॅनच्या नावाला यूसीएस ३२ अक्षरं देतं, पण लिनक्समध्ये इंटरफेसच्या नावाला १५च मिळतात. तेच नाव सर्व्हरच्या आतपर्यंत न्यायचं असेल, तर आत्ताच आखूड ठेवा.