कॅनबेराची लोकशाही-सहल : माणसे भेटतात, संस्था भेटत नाहीत

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत संसदेची नवी इमारत, जुनी इमारत आणि त्यांच्या आसपासचा परिसर अर्ध्या दिवसात दाखवणाऱ्या खासगी सहली मिळतात. त्यांपैकी एका सहलीच्या जाहिरातीत ‘मूलनिवासी नेतृत्वाची कहाणी’ असा स्वतंत्र उल्लेख होता आणि तेवढ्यावरूनच मी कळवणहून आलेल्या काकांचे व माझे तिकीट काढले. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. राखीव मतदारसंघातल्या निवडणुका त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेल्या. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा एकट्या तिच्याच नसाव्यात असे मला वाटते आणि वाचकाला नावापेक्षा तिकीट काढण्यापूर्वी काय विचारावे हे अधिक उपयोगी पडेल.

सोयींबद्दल तक्रार नाही. गाडी लहान पण स्वच्छ होती, ती वेळेवर आली, ज्येष्ठांना चढ-उतार करताना चालक स्वतः हात देत होता, संसदेच्या सुरक्षा तपासणीत काय जवळ ठेवावे आणि काय गाडीतच सोडावे हे आधी नीट सांगितले गेले, आणि गाईडचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता.

सहलीचा सर्वांत सरस भाग नव्या संसद भवनाच्या दारातच येतो. प्रांगणात पायाखाली जे भव्य मोझेक पसरलेले आहे, ते चित्रकार मायकेल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून हाताने घडवलेल्या सुमारे नव्वद हजार ग्रॅनाइटच्या तुकड्यांतून साकारले असून त्यात पॉसम, वॉलबी अशा पूर्वज-प्राण्यांची कुळे एका ठिकाणी जमलेली दाखवली आहेत. इमारतीतल्या सभेकडे जाताना आपण आधी या दुसऱ्या, फार जुन्या सभेवरून चालत जातो. गाईडने आम्हाला मधल्या वर्तुळाशी नेले आणि तिथे वाकून, दगडावर बोट ठेवून सांगितले की १९९३ मध्ये मूलनिवासींच्या परंपरागत जमीन-हक्कांच्या कायद्यावर वाद चालू असताना खुद्द चित्रकाराने निषेध म्हणून येथला एक दगड छिन्नीने उपसून काढला होता. माहितीपुस्तिकेत मोझेकचे क्षेत्रफळ सापडते, पण ही हकीकत अशा जागी उभे राहूनच ऐकावी.

आत मेंबर्स हॉलपाशी यिरकालाच्या सालीवरील अर्जांसमोर गाईडने घाई केली नाही, हेही तिच्या श्रेयाचे. १९६३ मध्ये उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधील योलंगू लोकांची जमीन त्यांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेण्यात आली, तेव्हा त्यांनी संसदेकडे पाठवलेले हे अर्ज आहेत. झाडाची साल, तिच्या कडेने मातीच्या रंगांत कुळांची चित्रे, आणि मधोमध चिकटवलेला टंकलिखित कागद, ज्यावर मजकूर गुमाज या त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत आहे. कडेची चित्रे जमिनीवरच्या मालकीचा त्यांच्या परीने दिलेला पुरावा होती, आणि मधला कागद समोरच्याला कळेल अशा रीतीने केलेली मागणी होती. संसदेने समिती नेमली, समितीने भरपाईची शिफारस केली, आणि खाण झाली. त्याच परिसरात १२९७ सालच्या मॅग्ना कार्टाची प्रतही ठेवलेली आहे. दोन्हींकडे पाठोपाठ पाहण्याची संधी सहज मिळते, ती घ्यावी.

जुन्या संसद भवनात मात्र कथनाचा तोल ढळू लागतो. ९ मे १९२७ रोजी उघडलेली आणि १९८८ पर्यंत वापरात असलेली ही पांढरी इमारत आता लोकशाहीचे संग्रहालय आहे. प्रतिनिधिगृहातील सभापतींची खुर्ची ब्रिटनकडून भेट आलेली, तिच्यावरचे राजचिन्ह वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपरातल्या ओकचे आणि हाताच्या फळ्या नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या लाकडाच्या, हे आमच्या गाईडने रसभरीत वर्णन करून सांगितले. उद्घाटनाच्या दिवशी तुमुतजवळच्या ब्रंगल वसाहतीतून डोंगरवाटेने पायी चालत आलेल्या जिमी क्लेमेंट्स या विराजुरी नावाच्या मूलनिवासी समाजातल्या वृद्धाला पोलिसाने कपड्यांवरून हटकले, तेव्हा जमलेल्या लोकांनीच त्याची बाजू घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो राजपुत्रासमोर उभा राहिला, ही गोष्ट तिने त्याच ओघात पण अगदीच थोडक्यात आटोपली. खुर्चीच्या लाकडाला जितका वेळ मिळाला, त्याच्या निम्माही त्याला मिळाला नाही.

आणि मग सुरू झाली ‘पहिल्यां’ची यादी. १९७१ मध्ये सिनेटमध्ये आलेले नेव्हिल बॉनर हे पहिले अबॉरिजिनल, म्हणजे मूलनिवासी समाजातले, संसद सदस्य. २०१० मध्ये केन वायट हे प्रतिनिधिगृहातले पहिले. २०१३ मध्ये नोव्हा पेरिस या पहिल्या महिला सिनेटर. २०१६ मध्ये लिंडा बर्नी या प्रतिनिधिगृहातल्या पहिल्या महिला. (पेरिस यांना हॉकीचे ऑलिंपिक सुवर्ण मिळालेले आहे हे ऐकताच काकांना संविधान सभेतले जयपालसिंह मुंडा आठवले, आणि १९२८ च्या त्या कर्णधाराविषयी त्यांनी शेजारच्या स्वीडिश जोडप्याला बराच वेळ सांगितले.) नावे खरी आहेत, वर्षेही बरोबर होती. परंतु माणसे कोणत्या वाटेने आत आली आणि आत आल्यावर त्यांच्या हाती काय होते, हे यादीतून कळत नाही. बॉनर यांचेच पाहा. रिकाम्या झालेल्या जागेवर लिबरल पक्षाने त्यांना पाठवले, पुढे ते निवडूनही आले, पण पक्षाविरुद्ध मत देण्याची त्यांची सवय काही गेली नाही, आणि १९८३ च्या निवडणुकीआधी पक्षाने त्यांना क्वीन्सलँडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर टाकले, जिथून निवडून येणे जवळजवळ अशक्य होते. त्यांनी पक्ष सोडला, अपक्ष लढले आणि थोडक्यात हरले. गाईडच्या गोष्टीत बॉनर १९७१ मध्ये शपथ घेतात आणि तिथेच थांबतात.

एक चूक मात्र सरळ चूक होती आणि ती ऑस्ट्रेलियात वारंवार ऐकू येते. ‘१९६७ च्या सार्वमताने मूलनिवासींना मतदानाचा हक्क मिळाला’ असे आम्हाला सांगण्यात आले. तो हक्क संघराज्याच्या निवडणुकांसाठी १९६२ मध्ये मिळाला होता. क्वीन्सलँडने राज्याच्या निवडणुकीसाठी तो १९६५ मध्ये, म्हणजे सर्व राज्यांत शेवटी दिला. १९६७ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘होय’ म्हटले ते दोन गोष्टींना : मूलनिवासींना लोकसंख्येच्या गणनेतून वगळणारे कलम काढून टाकणे आणि त्यांच्याविषयी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देणे. या फरकाला महत्त्व आहे, कारण केंद्राला मिळालेला तो अधिकार मूलनिवासींच्या हितासाठीच वापरावा असे बंधन त्यात नव्हते.

मराठी वाचकाला याच संदर्भात आणखी एक तपशील जवळचा वाटेल. १९०२ च्या मताधिकार कायद्याने ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींबरोबर आशियातून आलेल्यांनाही वगळले होते. पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात येऊन तिथल्या हिंदी रहिवाशांच्या हक्कांसाठी बोलले आणि १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मत मिळाले. अबॉरिजिनल लोकांपैकी सैन्यात सेवा केलेल्यांना आणि आपल्या राज्यात ज्यांना मत होते त्यांना संघराज्याच्या निवडणुकीतला हा हक्क १९४९ मध्ये मिळाला आणि उरलेल्यांना त्यासाठी १९६२ ची वाट पाहावी लागली. बाहेरून आलेल्यांच्या पाठीशी एक सरकार बोलायला होते, देशातल्या मूळ रहिवाशांसाठी कोणी नव्हते.

काकांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच : “इथे राखीव जागा नाहीत का?” गाईडने ‘नाहीत, इथे सगळे समान आहेत’ असे हसून सांगितले आणि पुढच्या दालनाकडे हात केला. प्रश्न इतका स्वस्तात सोडवण्याजोगा नव्हता. समुद्रापलीकडच्या न्यूझीलंडमध्ये माओरींसाठी १८६७ पासून राखीव जागा आहेत. आपल्या विधानसभेतल्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत. ऑस्ट्रेलियात अबॉरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी मिळून लोकसंख्येच्या ३.८ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि ते देशभर पसरलेले असल्यामुळे, डार्विनबाहेरचा जवळपास सगळा नॉर्दर्न टेरिटरी व्यापणाऱ्या लिंगियारीसारखा एखादा मतदारसंघ सोडला, तर त्यांच्या मतांवर निकाल फिरेल अशा जागा फारशा नाहीत. काका राखीव जागांचे भाबडे समर्थक नाहीत. “राखीव जागेवरचा आमदारही शेवटी तिकीट देणाऱ्याकडेच बघतो गं,” असे ते गाडीत म्हणाले, “पण निदान पाच वर्षांनी कोणाला तरी पाड्यावर मत मागायला यावेच लागते.”

राखीव जागा नसताना या समाजांनी दुसरा मार्ग धरला आणि सहलीत नेमका तोच सापडत नाही. विल्यम कूपर यांनी १९३० च्या दशकात अठराशेहून अधिक सह्या गोळा करून राजा पंचम जॉर्जच्या नावे अर्ज केला, त्यात संसदेत आपल्या लोकांचा प्रतिनिधी असावा ही मागणी होती. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो राजाकडे न पाठवण्याचे ठरवले. १९७३ मध्ये मूलनिवासींनी निवडून दिलेल्या सदस्यांची सल्लागार समिती आली, ती १९७७ मध्ये गेली. तिच्या जागी आलेली परिषद १९८५ मध्ये मोडली. १९८८ मध्ये बरुंगा येथे पंतप्रधान बॉब हॉक यांनी कराराचे आश्वासन दिले. तो करार झाला नाही आणि त्या वेळचे निवेदन संसद भवनाच्या भिंतीवर टांगलेले आहे. १९९० मध्ये ‘अ‍ॅटसिक’ हा अबॉरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासींचा आयोग उभा राहिला. लोविट्जा ओ’डोनाह्यू त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या, खालच्या प्रादेशिक परिषदा मूलनिवासींनीच निवडायच्या होत्या, आणि केवळ सल्ला न देता निधीवाटपातही आयोगाला हात होता. आरोग्याचा विषय १९९५ मध्ये त्याच्याकडून काढून आरोग्य खात्याकडे दिला गेला, तरी आरोग्याच्या दुरवस्थेचा दोष पुढेही त्याच्याच माथी मारला गेला. अंतर्गत भांडणे आणि नेतृत्वावरचे आरोपही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये संसदेने तो आयोग रद्द केला. वाईट आमदार निवडून आला म्हणून आपण विधानसभा बरखास्त करून जागा कुलूपबंद करत नाही. येथे मात्र प्रत्येक वेळी तेच घडत आले.

हा क्रम कळला, तरच १४ ऑक्टोबर २०२३ चे सार्वमत समजते. संसदेला आणि सरकारला केवळ सल्ला देणारी ‘व्हॉइस’ ही संस्था राज्यघटनेत लिहावी, म्हणजे पुढच्या सरकारला ती नुसत्या कायद्याने पुसून टाकता येणार नाही, एवढाच तिचा गाभा होता. रचना आणि अधिकार संसदच ठरवणार होती. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला, सहाही राज्यांत बहुमत विरोधात गेले, होकार आला तो फक्त राजधानी क्षेत्रातून, म्हणजे आम्ही उभे होतो त्या कॅनबेरातून. विरोध करणाऱ्यांत सिनेटर जसिंटा नम्पिजिन्पा प्राइस यांच्यासारख्या अबॉरिजिनल नेत्याही होत्या, आणि लिडिया थॉर्प यांचा विरोध तर अगदी उलट्या कारणाने होता, की हे फार कमी आहे. नेतृत्व एकमुखी नाही, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण कुठल्याही गाईडला मिळणार नाही. आमच्या सहलीत सार्वमताच्या वाट्याला एकच वाक्य आले, आणि तेही ‘दुर्दैवाने ते नापास झाले’ एवढेच. गाईडचे मत मला मान्य आहे, पण मत सांगितल्याने माहिती दिल्यासारखे होत नाही.

सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे तंबू दूतावासापाशी गाडी थांबलीच नाही. २६ जानेवारी १९७२ च्या पहाटे चार अबॉरिजिनल तरुणांनी जुन्या संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची एक छत्री रोवली आणि तिला दूतावास म्हटले, कारण पंतप्रधान मॅकमहन यांनी जमिनीवरचा हक्क नाकारून भाडेपट्टा देऊ केला होता. स्वतःच्या देशात परके ठरलेल्यांना दूतावास लागणारच, असा त्यामागचा खोचक विचार होता. त्या हिरवळीवर तंबू ठोकायला मनाई करणारा नियमच तेव्हा नव्हता, म्हणून सरकारला जुलैमध्ये नवा नियम काढून पोलीस पाठवावे लागले. दूतावास उखडला गेला, पुन्हा उभा राहिला, आणि १९९२ पासून तिथे कायम आहे. इमारतीच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला की तो येतो. आम्हाला तो खिडकीतून, ‘डावीकडे पाहा’ या सूचनेसह, मिळाला. जाहिरातीत त्याचा फोटो छापलेला असताना हे योग्य नाही, असे मी कंपनीला कळवले. उत्तर नम्र होते आणि त्यात वेळापत्रकाचे कारण होते.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : दूतावासापाशी पायउतार होऊ देतात का, आणि मूलनिवासी इतिहासाचा भाग कोण सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला ‘आमचे सगळेच गाईड प्रशिक्षित आहेत’ असे उत्तर आले, तर तो भाग मूलनिवासी व्यक्ती सांगत नाही असेच समजावे. फक्त इमारती पाहायच्या असतील आणि बरोबर वृद्ध माणसे असतील, तर ही सहल पैसे वसूल करते. नेतृत्वाची कहाणी ऐकायची असेल, तर तिच्यावर विसंबू नये. संसदेच्या कामकाजाच्या दिवशी गेल्यास दुपारी दोनचा प्रश्नोत्तराचा तास गॅलरीतून पाहता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. दूतावासात जाताना मात्र भान ठेवावे : तिथे लोक राहतात, मध्ये पवित्र मानलेला अग्नी जळत असतो, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नये.