घरच्या संगणकावर विंडोज ११ : एका अपग्रेडचे परीक्षण

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी माझ्या घरचा संगणक बंद पडला नाही की मंदावलाही नाही. आदल्या दिवशी चालत होता तसाच तो दुसऱ्या दिवशीही चालला, आणि नेमक्या याच कारणामुळे विंडोज ११ वर जाण्याचा निर्णय मी लांबणीवर टाकत राहिलो. घरगुती ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. परंतु ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तो वर्षभराच्या मुदतवाढीवर ठेवणे मला पटेना. शेवटी एका शनिवारी हे काम हाती घेतले. त्यानंतर साधारण महिनाभर विंडोज ११ ची २५एच२ ही आवृत्ती रोज वापरली आहे, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रत्यक्ष अपग्रेड सोपे निघाले, हे आधीच सांगतो. माझा वेळ गेला तो त्याच्या उंबरठ्यावर. अधिकृत अटी वाचताना त्या किरकोळ वाटतात : १ गिगाहर्ट्झचा, किमान दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. खरी चाळणी याच्या पुढे आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका व त्यानंतरचे. शिवाय टीपीएम २.० असावे लागते, आणि मदरबोर्ड यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) असलेला व सिक्युअर बूटची क्षमता असलेला हवा. माझ्या संगणकात इंटेल कोअर आय५-८४०० हा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवले, तेव्हा प्रोसेसरला हिरवी खूण मिळाली आणि टीपीएम व सिक्युअर बूट या दोन्हींना नकार मिळाला.

इथे पुष्कळ लोक संगणक जुना झाला असे समजून नव्याची चौकशी सुरू करतात. तशी घाई करू नये. टीपीएम म्हणजे कूटलेखनाच्या (एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या सांभाळणारा भाग. तो मदरबोर्डवर स्वतंत्र चिपच्या रूपात असू शकतो. पण अलीकडच्या बहुतेक घरगुती संगणकांत तेच काम प्रोसेसरच्या आधाराने फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर, करते. इंटेलच्या बोर्डांवर ही सोय पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने असते. अनेक जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये ती मुळातच असते, फक्त बंद ठेवलेली असते. माझ्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, ती तीन पातळ्या आत, ज्या शीर्षकाखाली कोणीही सहसा फिरकणार नाही अशा ठिकाणी होती. ती चालू केली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पहिला नकार मावळला.

सिक्युअर बूटने मात्र माझा निम्मा दिवस घेतला, आणि त्यात दोष पूर्णपणे माझा होता. संगणक सुरू होताना जी पहिली फाइल चालते तिची डिजिटल स्वाक्षरी तपासण्याचे काम सिक्युअर बूट करते, आणि ते यूईएफआय पद्धतीनेच होऊ शकते. माझी विंडोज १० मात्र जुन्या बायॉस पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभागणी-रचनेच्या डिस्कवर बसवलेली होती. याकडे लक्ष न देता मी बायॉसमधला जुना पर्याय बंद करून यूईएफआय निवडले, आणि पुढच्या वेळी पडद्यावर विंडोजऐवजी सुरू करण्यायोग्य डिस्क सापडत नसल्याचा एक ओळीचा संदेश आला. क्षणभर पोटात गोळा आला हे कबूल करतो. पर्याय पूर्ववत केल्यावर सर्व काही परत आले, कारण डिस्कला काहीच झाले नव्हते. क्रम चुकला होता, एवढेच. आधी डिस्कची रचना एमबीआरवरून जीपीटी या नव्या रचनेवर न्यायची आणि मग फर्मवेअर बदलायचे, असा तो क्रम आहे.

या रूपांतरासाठी विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचे साधन आहे. ते आदेश टंकून चालवावे लागते, पण डेटा न पुसता काम करते आणि प्रत्यक्ष बदलाआधी केवळ तपासणी करण्याची सोयही देते. माझ्या डिस्कची तपासणी नापास झाली, कारण या साधनाला तीनहून अधिक प्राथमिक विभाग चालत नाहीत आणि माझ्या डिस्कवर चार होते. चौथा म्हणजे ‘डी’ ड्राइव्ह, ज्यात अनेक वर्षांची छायाचित्रे होती. ती बाह्य हार्ड डिस्कवर उतरवली, त्यातल्या काही फायली उघडून खात्री केली, ‘डी’ काढून टाकला आणि तपासणी पुन्हा चालवली. या वेळी ती पास झाली. पुढचे रूपांतर मिनिटभरातच आटोपले. त्यानंतर यूईएफआय निवडून सिक्युअर बूट चालू केले, तेव्हा संगणक निमूटपणे सुरू झाला आणि हेल्थ चेकच्या सगळ्या खुणा हिरव्या झाल्या. बॅकअपचा सल्ला प्रत्येक मार्गदर्शिकेच्या पहिल्या ओळीत असतो आणि म्हणूनच तो वाचून सोडला जातो. माझ्या बाबतीत ‘डी’ रिकामा करण्याच्या सक्तीनेच बॅकअप घेतला गेला.

लॅपटॉपधारकांसाठी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील कूटलेखनाच्या सोयीने किंवा होम आवृत्तीतील उपकरण-कूटलेखनाने संरक्षित असेल, तर फर्मवेअरमध्ये असे बदल केल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवण्याची वेळ बंद पडलेल्या पडद्यासमोर येऊ नये. आधी की कागदावर उतरवून घ्यावी आणि बदलापुरते संरक्षण तात्पुरते स्थगित ठेवावे.

ज्यांचा प्रोसेसर यादीत बसत नाही, त्यांच्यासाठी अटींना बगल देण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. परंतु अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ आवृत्तीपासून तर एसएसई४.२ या सूचनासंचाचा आधार नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. हौस म्हणून दुसऱ्या एखाद्या यंत्रावर हा प्रयोग जरूर करावा. घरातले सर्वजण ज्यावर अवलंबून आहेत त्यावर करू नये. तसेच ज्यांच्याकडे ३२ बिटची विंडोज १० आहे, त्यांना फायली व सॉफ्टवेअर राखून अपग्रेड करण्याचा मार्गच नाही, कारण विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते. त्यांना सर्व काही नव्याने बसवावे लागेल.

प्रत्यक्ष अपग्रेडबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. विंडोज १० अधिकृत असल्यास विंडोज ११ साठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. मी विंडोज ११ ची आयएसओ (संपूर्ण सेटअप असलेली) फाइल उतरवून ती डबल क्लिकने उघडली, त्यातला सेटअप चालवला आणि फायली व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडला. दोन तासांत, मध्ये तीन-चार वेळा बंद-चालू होत, काम झाले. जुने स्थानिक खातेही तसेच राहिले. नव्याने बसवताना होम आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा जो आग्रह धरते, तो अशा अपग्रेडमध्ये होत नाही.

फायली, ब्राउझरमधले बुकमार्क, प्रिंटर, इतकेच काय, डेस्कटॉपवर अस्ताव्यस्त पसरलेली माझी चिन्हेही जागच्या जागी होती. अडला तो एक जुना स्कॅनर. त्याच्या निर्मात्याने ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करणे केव्हाच सोडले आहे. विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ या संरक्षणाशी तो ड्रायव्हर जुळत नाही, असे तिथल्या यादीत फाइलच्या नावासह दिसले. स्कॅनरसाठी हे संरक्षण बंद ठेवायचे की संरक्षणासाठी स्कॅनर सोडायचा, असा प्रश्न होता. मी ड्रायव्हर काढून टाकला आणि आता कागद फोनने टिपतो. जुने यंत्र जोडून वापरणाऱ्यांनी ही यादी अपग्रेडच्या आधी विंडोज १० मध्येच पाहून घ्यावी, ती तिथेही आहे.

देवनागरीची धास्ती मला सर्वाधिक होती आणि ती व्यर्थ ठरली. इनस्क्रिप्ट कळफलक होता तसाच आला. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या पूर्वीच्याच कळांनी उमटतो, आणि त्या क्षणी मला खरे घरी आल्यासारखे वाटले. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी, विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्यतनात आलेला मराठी फोनेटिक कळफलक इथेही आहे : रोमन अक्षरांत उच्चारानुसार टंकले की देवनागरी पर्याय समोर येतात. मी स्वतः बसवलेले जुने बिगर-युनिकोड फॉन्टही शाबूत राहिले, त्यामुळे त्या काळातले दस्तऐवज उघडतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा : मंगल हा फॉन्ट आता विंडोजच्या मूळ संचात नसून ऐच्छिक सुविधांमधील देवनागरीच्या पूरक फॉन्टांत आहे. कोऱ्या यंत्रावर जुन्या मंगलमधील मजकुराच्या ओळी वेगळ्या ठिकाणी तुटताना दिसल्या, तर हा पूरक संच बसवून पाहावा.

मग नाराजी कशाबद्दल? माझा टास्कबार वर्षानुवर्षे पडद्याच्या डाव्या कडेला उभा होता. रुंद पडद्यावर उंची कमी आणि रुंदी मुबलक असते, तेव्हा तो उभा ठेवणे हीच शहाणपणाची मांडणी आहे, असे माझे ठाम मत आहे. विंडोज ११ आली तेव्हा ही सोय काढून टाकण्यात आली आणि मी वापरत असलेल्या आवृत्तीतही ती नाही. चिन्हे मध्यभागाऐवजी डावीकडे सरकवता येतात, पण पट्टी मात्र तळालाच राहते. महिना झाला तरी माझा माउस अजून डाव्या कडेकडे धावतो. उजव्या क्लिकचा मेन्यूही सुटसुटीत करण्याच्या नादात दोन मजली झाला आहे. फायलींचे संकुचन करणाऱ्या किंवा तत्सम जुन्या सॉफ्टवेअरचे पर्याय खालच्या मजल्यावर गेले आहेत. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबले की तो पूर्ण मेन्यू थेट उघडतो, आणि मी आता तेच करतो. वर्डपॅड २४एच२ पासून वगळण्यात आले आहे. साध्या पत्रासाठी ते वापरणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

याच्या बदल्यात जे मिळते ते दिखाऊ नाही, पण रोज हाताशी येते. फाइल एक्सप्लोररमधल्या टॅबमुळे खिडक्यांची गर्दी निम्म्यावर आली. विंडोज कळ आणि झेड दाबल्यावर पडदा विभागण्याचे नमुने समोर येतात. एका बाजूला मूळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूला टंकलेखन अशी मांडणी करणाऱ्याला ही सोय फार उपयोगी आहे. आणि नोटपॅड! जतन न केलेला मजकूर बंद केल्यावरही पुढच्या वेळी जसाच्या तसा उघडतो. या एका गोष्टीसाठी मी टास्कबारचे दुःख निम्मे माफ केले आहे.

सूचनांचा मारा मात्र निवडून बंद करावा लागतो. स्टार्ट मेन्यूतल्या शिफारशी, वनड्राइव्हवर डेस्कटॉप आणि दस्तऐवज ठेवण्याचे आमंत्रण (मोफत जागा केवळ ५ जीबी आहे, हे ध्यानात असू द्यावे), आणि उपकरणाची मांडणी पूर्ण करा असे सांगणारा अख्खा पडदा, हे सर्व मूळ मांडणीत चालू असते. त्या पडद्यावर तात्पुरता नकार देता येतो. कायमचा नकार सेटिंग्जमधील नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी, अतिरिक्त पर्यायांत दडलेला आहे. तिथल्या खुणा काढल्यापासून शांतता आहे.

वेगात मला जाणवण्याजोगा फरक पडला नाही. ८ जीबी रॅमवर ब्राउझर, लेखन आणि चित्रपट हे सारे सुरळीत चालते. ४ जीबीची अधिकृत अट मात्र कागदापुरती समजावी, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ही प्रणाली बसवण्याआधी एसएसडी घालून घ्यावी. ज्यांचा संगणक चाळणीतून पार पडतो त्यांनी अपग्रेड करावे, असेच मी म्हणेन, मात्र त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्याचा पूर्वार्ध बायॉस व बॅकअपला द्यावा.

परतीचा रस्ता दहा दिवस खुला असतो. जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये जपलेली असते आणि सेटिंग्जमधील रिकव्हरीतून तिच्याकडे परत जाता येते. ही मुदत संपण्याआधी डिझम या साधनाने ती ६० दिवसांपर्यंत वाढवताही येते. मी ती वाढवली नाही. नवव्या दिवशी, उभ्या टास्कबारची आठवण येत असतानाच, तो फोल्डर पुसला आणि मोकळ्या झालेल्या जागेत ‘डी’ ड्राइव्ह पुन्हा तयार करून छायाचित्रे परत आणली.