गल्लीतली डेअरी: गरोदरपणात काय घ्यावं, काय काउंटरवरच सोडावं

दिवस गेले की घरात पपई आणि अननसावर पहारा बसतो. कोपऱ्यावरच्या डेअरीतून येणाऱ्या ताकाकडे नि पनीरकडे मात्र कुणी वळूनही बघत नाही. दूधदुभतं म्हणजे पौष्टिक, विषय संपला. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत दोन गल्ल्या सोडून दिसणाऱ्या ‘डेअरी’ नावाच्या दुकानात जो माल असतो, त्याचं आहे: सुटं दूध, पिशवीचं दूध, ताटातलं पनीर, स्टीलच्या पिंपातलं ताक, खरवस, चक्का, खवा, चीज, आणि हल्ली मेयॉनीजसुद्धा. कसोटी सगळ्यांना एकच लावली आहे. पदार्थ शेवटचा कधी नीट तापला, आणि त्यानंतर त्याला किती हात लागले, किती पाणी लागलं, किती दिवस गेले?

परदेशी याद्यांत ब्री, कामेम्बेर आणि ब्लू चीजला पहिला मान असतो. आपल्या डेअरीत ती सहसा नसतातच, त्यामुळे यादी वाचून ‘आपण सुटलो’ असं वाटतं. पण त्या चीजमध्ये ज्या लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती असते, त्याला चीजच हवं असं काही नाही. ओलसर, फारसा आंबट नसलेला आणि फ्रिजमध्ये पडून राहिलेला कुठलाही पदार्थ त्याला चालतो. बहुतेक जंतू थंडीत थबकतात; हा शून्य ते चार अंशांतही सावकाश वाढत राहतो, मीठ सोसतो, हवाबंद पाकिटातही तग धरतो. गरोदर बाईला त्याची लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १० पट असते. आईला कणकण आणि अंगदुखी यापलीकडे फारसं काही होत नाही, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचला तर गर्भपात, पोटातच बाळ दगावणं किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग, इथपर्यंत मजल जाते. उष्णतेपुढे मात्र तो टिकत नाही. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवतात, तेवढ्यात तो मरतो.

दूध. पिशवीचं दूध, मग ते गोकुळ असो, चितळे, कात्रज, महानंद किंवा अमूल, पाश्चराईज्डच असतं. टोन्ड (३ टक्के फॅट) की फुल क्रीम (६ टक्के) याचा जंतूंशी संबंध नाही. ते वजन, पचन आणि खिसा बघून ठरवा. तरी घरी आणल्यावर तापवाच, कारण पहाटे उतरलेले क्रेट कितीतरी दुकानांपुढे ऊन येईपर्यंत फुटपाथवर असतात. पिशवी कापण्याआधी धुवा, कात्रीही. हे कुणी करत नाही, आणि क्रेटच्या तळातलं पाणी पिशवीवरून थेट पातेल्यात उतरतं.

सुटं दूध आणि काचेच्या बाटलीतून घरपोच येणारं ‘फार्मचं’ दूध ही वेगळी गोष्ट आहे. बाटलीवर ‘पाश्चराईज्ड’ शब्द शोधा. तो नसेल आणि ‘प्रक्रिया न केलेलं’ ही बढाई असेल, तर दूध कच्चं आहे, दर लिटरमागे कितीही असो. धारोष्ण दुधाचं कौतुक बाळंतपण होईपर्यंत बाजूला ठेवलेलं बरं. कच्च्या दुधातून लिस्टेरियाच्या जोडीला ब्रुसेल्लाही येतो, ज्याने गाई-म्हशी गाभडतात आणि माणसांत महिनोन्‌महिने ताप रेंगाळतो. सुटं दूध घ्यायचंच असेल तर ढवळत तापवा, वर आलं की आच कमी करून आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्या. साय धरली की खालची वाफ कोंडून दूध फसफसून वर येतं. मोठ्या पातेल्यात ते सगळीकडे सारखं तापलेलं असेलच असं नाही. चूक बहुतेक वेळा पुढेच होते. ज्या भांड्यात कच्चं दूध घेतलं तेच नुसतं विसळून त्यात तापलेलं ओततात, किंवा तीच गाळणी वापरतात.

पनीर. या काउंटरवर सर्वांत जास्त गैरसमज पनीरबद्दल आहेत. पनीर करताना दूध ८०-९० अंशांपर्यंत तापवून मग आंबट घालून फाडतात, म्हणजे जन्मतः ते स्वच्छ असतं. बिघडतं त्यानंतर. कापडात बांधून दाबतात, मग लादी गार पाण्यात बुडवून ठेवतात म्हणजे घट्ट होते. ते पाणी कुठलं, किती वेळा बदललं, कापड उकळलं होतं का, हे दुकानात विचारून कळत नाही. नंतर ताटात ओल्या फडक्याखाली लादी, एकच सुरी, आणि नोटा मोजणारा तोच हात. पनीरमध्ये पाणी भरपूर आणि आंबटपणा कमी, त्यामुळे एकदा जंतू शिरला की फ्रिजमध्ये त्याची चैन.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पाश्चराईज्ड दुधाचं पनीर गरोदरपणात चालेल म्हणते. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या मऊ चीजबाबत फार कडक आहे. पाश्चराईज्ड दुधाचं असलं तरी वाफा येईपर्यंत तापवूनच खा, असं सांगते. आपल्या ताटातल्या पनीरला ब्रिटनचा नियम लावण्यात अर्थ नाही. आमचा कौल: सुटं पनीर घेऊच नका, पाकिटातलं घ्या, आणि तेही शिजवून. पाकिटावर परवान्याचा १४ आकडी क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि साठवणुकीचं तापमान हवं. पाकीट फुगलेलं नको, आत दुधाळ पाणी साचलेलं नको. फोडल्यावर दोन दिवसांत संपवा. डीप फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात.

शिजवणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. ग्रेव्ही तयार झाल्यावर गॅस बंद करून वरून पनीर सोडायचं, म्हणजे मऊ राहतं, ही हॉटेलची युक्ती इथे नको. दोन सेंटीमीटरचे तुकडे उकळत्या रश्श्यात घालून झाकण ठेवा, चार-पाच मिनिटं रटरटू द्या. एक तुकडा मधोमध मोडून बघा, आतून वाफ आली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्ये ७४ अंश हवेत. पनीर टिक्का फसवा असतो. कडा करपलेल्या, आणि मोठ्या चौकोनाचा गाभा कोमट. पनीर भुर्जी सर्वांत खात्रीची, कारण कुस्करलेलं सगळं तव्याला लागतं. सॅलडमधलं, सँडविचमधलं कच्चं पनीर सोडा.

बनावट पनीरची चर्चा हल्ली फार असते. वनस्पती तेलाचं ‘अ‍ॅनालॉग’ पनीर हा फसवणुकीचा आणि पोषणाचा प्रश्न आहे, जंतूंचा नव्हे. टिंक्चर आयोडीनच्या थेंबाने निळं पडलं तर पिठूळ भेसळ कळते, पण निळं न पडणारं पनीर सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

ताक, लस्सी, मठ्ठा. इथे गंमत उलटी आहे. दही स्वतः चांगलं. उकळलेल्या दुधाला विरजण लावून झालेलं, नीट आंबट दही लिस्टेरियाला मानवत नाही. घोटाळा आहे तो त्यात घातलेल्या पाण्यात, बर्फात आणि वाटून टाकलेल्या कच्च्या कोथिंबीर-मिरचीत. परदेशी याद्यांत न सापडणारा धोका म्हणजे हेपटायटिस ई, दूषित पाण्यातून येणारी कावीळ. इतरांना ती बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ याच विषाणूची होती. ताकाच्या आंबटपणाने हा विषाणू अडत नाही. पाणी उकळल्याने अडतो.

म्हणून पिंपातलं ताक, रसवंतीशेजारची लस्सी आणि लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा यांना आमच्याकडून सरळ नकार. दुकानदार ‘बिसलेरीचं पाणी वापरतो’ म्हणाला तरी बर्फ कुठला ते विचारा, गप्प होईल. नामांकित कंपनीचं बंद पाकिटातलं ताक चालेल. त्याहून सोपं म्हणजे घरी करणं: एक वाटी दही, दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोथिंबीर हवीच असेल तर तुपाच्या फोडणीत टाका. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरे.

खरवस. खरवस समोर आला की नाही म्हणणं अवघड, आणि घरी केलेला असेल तर गरजही नाही. चीक गुळात कालवून वाफवताना तो जमतो, कारण त्यातली प्रथिनं तापून घट्ट होतात. कुकरला शिटी न लावता २०-२५ मिनिटं, आणि मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली तर गाभ्यापर्यंत उष्णता पोचली. थापलेला जाड थर असेल तर वेळ वाढवा. गरम किंवा त्याच दिवशी खा.

दुकानातला खरवस ट्रेमध्ये दोन-तीन दिवस असतो आणि मागेल तेवढा तुकडा कापून देतात. शिवाय चीक कमी आणि जिलेटिन किंवा चायनाग्रास जास्त, असाही खरवस मिळतो. तो गार होताना जमतो, त्यामुळे जमलेपणावरून काही कळत नाही. हा सोडा. आणि गोठा असलेल्या घरांनी एक लक्षात ठेवावं: कच्चा चीक हाताळणं, वासराला चीक पाजणं, व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराची वार उचलणं ही कामं गरोदर बाईकडे देऊ नयेत. ब्रुसेल्ला हाताच्या बारीक चिरेतूनही शिरतो.

साय आणि लोणी. हे डेअरीतलं नाही, पण तिथल्याच दुधाचं. आठवडाभर साय फ्रिजमध्ये एका डब्यात साठवून मग लोणी काढायचं, ही पद्धत घरोघर आहे. साय गोडीच साठवली तर तो लिस्टेरियासाठी मऊ बिछाना. पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घाला आणि रोजची साय त्यातच ढवळा, म्हणजे डबा आंबट राहील. तरी थालीपिठावर कच्चं लोणी घ्यायचं तर दोन-तीन दिवसांच्या सायीचंच. कढवलेल्या तुपाबद्दल शंका नको.

बाकीचं पटकन. अमूल, ब्रिटानिया, गो यांचे क्यूब आणि स्लाइस वितळवून केलेलं प्रोसेस्ड चीज असतं, खुशाल खा. गाडीवर सकाळीच किसून ठेवलेलं चीज आणि त्याखालची हिरवी चटणी, हे दोन्ही नको. श्रीखंड डब्यातलं घ्या, आंबटपणा आणि भरपूर साखर दोन्ही राखण करतात. सुटा चक्का हाताने कापडातून काढलेला असतो, तो घरीच बांधा. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर श्रीखंडाचा निकाल वेगळ्याच कारणाने लागतो. खव्याचं दुखणं फ्रिजबाहेर सुरू होतं. उबेत पडून राहिलेल्या खव्यात स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष तयार होतं आणि ते पुन्हा तापवूनही जात नाही, म्हणून ‘परतून घेते’ हा उपाय नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ‘केव्हापर्यंत खावी’ ही तारीख लावणं बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा. साताऱ्याचे कंदी पेढे चांगले भाजलेले आणि कोरडे, त्यामुळे रसमलाई-बासुंदीपेक्षा भरवशाचे. आइस्क्रीम बंद कपातलं चालेल; वर बर्फाचे जाड खडे दिसले तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठलं आहे. यंत्रातून पिळून देतात ते सॉफ्टी सोडा, कारण यंत्राची नळी रोज उघडून धुतली जाते का, यावर सगळं अवलंबून. बाटलीबंद एगलेस मेयॉनीज ठीक. दुकानात कच्चं अंडं फेटून केलेलं मात्र नको. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे.

दुकान पारखायचं तर काचेच्या फ्रिजपाशी दोन मिनिटं उभं राहा. दार नीट लागतं का, आत थर्मामीटर आहे का, दुधाच्या पिशव्या पंख्याच्या जाळीपर्यंत ठासून भरल्या आहेत का (मग थंड हवा फिरतच नाही), आणि वरच्या कप्प्यात दुकानदाराच्या जेवणाचा डबा आहे का. घरच्या फ्रिजचीही परीक्षा घ्या. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी पाच अंशांच्या वर असेल तर बटण फिरवा.

हे सगळं पाळूनही ताप आला तर? ३८.१ अंश सेल्सियस, म्हणजे १००.६ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आणि अंगदुखी असेल, तर क्रोसिन घेऊन वाट बघू नका, त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना गाठा. जुलाब-उलट्या नाहीत म्हणून खाण्याचा संबंध नाही, असं समजू नका. लिस्टेरियात त्या नसूही शकतात. निदान रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघून होतं, आणि अँपिसिलिनसारखं प्रतिजैविक लवकर सुरू झालं तर बाळालाही त्याचा फायदा होतो. लघवी गडद पिवळी आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. सांगताना फक्त कालचं जेवण सांगून थांबू नका. लिस्टेरियाची लक्षणं खाल्ल्यानंतर ७० दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी कुठे सुटं पनीर किंवा कच्चं दूध पोटात गेलं असेल तर तेही सांगा.