कादंबरीबरोबर तिचे जगही लिहून घेणारा करार

मराठीत अद्भुतरम्य कादंबरी लिहिणाऱ्याला प्रस्थापित प्रकाशकांकडून बहुधा एकच उत्तर मिळते: पाने फार आहेत आणि वाचक थोडे आहेत. त्यामुळे असा लेखक ‘स्वयंप्रकाशन साहाय्य’ देणाऱ्या संस्थांकडे वळतो. त्यांपैकी काही संस्था प्रामाणिकपणे ठरलेले काम ठरलेल्या दरात करून देतात, हे आधीच नमूद करते. माझी गाठ ज्या संस्थेशी पडली ती तशी नव्हती. तिचे कार्यालय नवी मुंबईत वाशीला होते, मी ठाण्यात कोपरीला राहते, आणि माझ्या पाच खंडांच्या नियोजित मालिकेचा पहिला खंड मी त्यांच्याकडे दिला होता. पैसे गेले त्याचे दुःख आहेच, परंतु हे लिहिण्याचे कारण ते नाही. मालिका लिहिणाऱ्याकडून ही मंडळी पैशांपेक्षा मोठी गोष्ट काढून घेतात आणि ती जाताना दिसत नाही.

ती गोष्ट समजण्यासाठी अशी कादंबरी कशी लिहिली जाते ते थोडे सांगावे लागेल. प्रत्यक्ष मजकुराइतकेच, कधी त्याहून अधिक, लेखन मजकुराबाहेर होत असते. माझ्या कथेतील खाडीकाठचे राज्य ठाण्याच्या खाडीवरून सुचलेले आहे. तिथली तिवरे, मिठागरे आणि ऐरोलीकडे थव्यांनी उतरणारे रोहित पक्षी यांतून ‘भुरंड’ नावाची पंखधारी जमात तयार झाली. या राज्यात जादू वापरणाऱ्याला दर वेळी स्वतःची एक आठवण गमवावी लागते आणि गेलेली आठवण परत मिळत नाही. नियम सोपा वाटतो, पण तो पाळणे जिकिरीचे असते, कारण एखाद्या पात्राने आईचा आवाज तिसऱ्या प्रकरणात गमावला असेल, तर अकराव्या प्रकरणात तो त्याला ओळखीचा वाटून चालत नाही. नोकरीत मी हिशेब पाहते. त्याच सवयीने कोणी कोणती आठवण कोणत्या पानावर गमावली याची खतावणी मी ठेवली होती. शिवाय नकाशा, तिथी मोजण्याची पद्धत, घराण्यांच्या वंशावळी, कल्पित शब्दांची सूची आणि पुढच्या चार खंडांचे आराखडे होते. कामावर जाण्यापूर्वी पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी, अनेक वर्षे हे साठत गेले होते.

संस्थेच्या प्रतिनिधीने पहिल्याच फोनवर नेमकी याच साहित्याची स्तुती केली. ‘मॅडम, तुमचे विश्व इतके सखोल आहे की संपादकांना त्याची पूर्ण फाइल हवी आहे,’ असे तो म्हणाला. नंतर जुने मेल काढून पाहिले तेव्हा लक्षात आले, की त्याने उल्लेख केलेली प्रत्येक गोष्ट मी पाठवलेल्या दोन पानी सारांशात होती; सारांशाबाहेरचे एकही पात्र किंवा प्रसंग त्याच्या बोलण्यात आला नव्हता. हस्तलिखित वाचल्याचा दावा कोणी करत असेल, तर सारांशात नसलेल्या एखाद्या प्रसंगाबद्दल त्याला अवश्य विचारावे. लेखकाला पुरस्कारापेक्षा वाचले जाण्याची भूक अधिक असते आणि हा सगळा धंदा त्या भुकेवर उभा आहे.

मूळ पॅकेज ४८,००० रुपयांचे होते; त्यानंतर निरनिराळ्या नावांखाली आणखी रक्कम मागण्यात आली. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, ४,५०० रुपये घेतले गेले. प्रत्यक्षात भारतात आयएसबीएन विनाशुल्क मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही तिथे अर्ज करू शकतो. ‘कॉपीराइट मिळवून देण्याचे’ ६,००० रुपये झाले. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृती निर्माण होताच लेखकाचा हक्क सुरू होतो, नोंदणी ऐच्छिक असते आणि साहित्यकृतीच्या नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. सर्वांत कल्पक आकारणी ‘राष्ट्रीय ग्रंथालयात निवड’ या नावाची होती आणि तिच्यासोबत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्रही आले. प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांकडे ३० दिवसांत, स्वखर्चाने पाठवणे हे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर घातलेले बंधन आहे. म्हणजे स्वतःचे कायदेशीर कर्तव्य त्यांनी मला सन्मान म्हणून विकले. यांपैकी एकाही रकमेचे जीएसटी क्रमांक असलेले बिल मिळाले नाही. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात मागवले जात होते.

संपादनाच्या नावाखाली जे झाले त्याबद्दल संयमाने लिहिणे कठीण आहे. शब्दतपासणीच्या एखाद्या साधनातून मजकूर तसाच पुढे काढलेला असावा, कारण ‘भुरंड’ जमात छापील पुस्तकात बहुतेक ठिकाणी ‘भुरटे’ झाली होती आणि राजसभेत भुरट्यांचे सन्मानपूर्वक स्वागत होत होते. युनिकोड मजकूर मांडणीसाठी जुन्या पद्धतीच्या टंकात नेताना कल्पित नावांतली जोडाक्षरे मोडली, ती कोणी पाहिली नाहीत. नकाशा अर्ध्या पानावर आक्रसल्याने त्यावरील एकही गाव वाचता येत नव्हते. हे सारे एक वेळ सोसता आले असते, पण आईचा आवाज गमावलेले ते पात्र अकराव्या प्रकरणात तो आवाज ऐकून रडू लागले. कुणीतरी त्याचे विस्मरण विसंगती समजून दुरुस्त केले होते. पूर्ण कादंबरी न वाचता, फक्त तेवढे प्रकरण डोळ्यांखालून घालणाराच ही दुरुस्ती करू शकतो.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला सही झालेला करार साधा होता: एक पुस्तक, ५०० प्रती आणि विक्रीतील वाटा. संपूर्ण रक्कम भरून झाल्यावर, अंतिम मुद्रितांच्या (प्रूफांच्या) मंजुरीपत्रासोबत एक परिशिष्ट आले आणि ‘यावर सही झाल्याशिवाय छपाई सुरू होणार नाही’ असे कळवण्यात आले. त्या परिशिष्टात मालिकेतील विद्यमान व भावी सर्व कृती, पात्रे, स्थलनामे, नकाशे, भाषांतर, श्राव्य आवृत्ती आणि दृश्यमाध्यमातील रूपांतर यांचे हक्क संस्थेकडे कायमस्वरूपी जातील, असे कलम होते. म्हणजे दुसरा खंड मी कुठेही स्वतंत्रपणे प्रकाशित करायचा म्हटला, तर आधी त्यांची परवानगी लागणार होती. ज्याचे एकच पुस्तक आहे त्याचे अशा कलमाने एक पुस्तक अडकते. मालिका लिहिणाऱ्याचे, कागदावर अजून न उतरलेले लेखनही अडकते. भरलेली रक्कम परत मिळणार नाही असे तोंडी बजावूनच सही घेण्यात आली.

पुस्तक बाजारात आल्यावर थोड्याच काळात एका वेगळ्या नावाच्या ‘वेब मालिका विकास’ कंपनीतून फोन आला. तिसऱ्या खंडाच्या आराखड्यातील एक घटना, जी मी संस्थेच्या फाइलशिवाय कुठेही दिलेली नव्हती, त्या गृहस्थांना ठाऊक होती. त्यांना पटकथा रूपांतराचे ६०,००० रुपये हवे होते. निर्माता हक्क राखून ठेवण्यासाठी लेखकाला पैसे देतो, लेखकाकडून घेत नाही. त्यामुळे तो व्यवहार तिथेच थांबला. पण अप्रकाशित आराखडे बाहेर गेले ते गेलेच. कायदा लेखनातील अभिव्यक्तीला संरक्षण देतो, निव्वळ कल्पनेला देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. आठवणींच्या मोबदल्यात जादू ही माझी कल्पना उद्या दुसऱ्या कुणी वापरली, तर मला फारसे काही करता येणार नाही. म्हणून नकाशे, सूची आणि पुढील खंडांचे टिपण कोणत्याही संपादकाला संपूर्ण देऊ नये. पहिल्या खंडाच्या संपादनाला त्याच खंडापुरती सूची पुरते.

ठाण्यातील ज्या वकीलबाईंना मी कागद दाखवले, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते. माझ्या परिशिष्टात ‘कायमस्वरूपी’ लिहिले असल्याने हा आधार मिळत नव्हता. मात्र हस्तांतरित झालेला हक्क एका वर्षात वापरला गेला नाही आणि करारात त्याविरुद्ध काही म्हटलेले नसेल, तर तो हक्क संपतो, अशी तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. संस्थेने भाषांतर, श्राव्य आवृत्ती वा रूपांतर यांपैकी कशालाच हात लावलेला नव्हता आणि परिशिष्ट घाईत तयार केलेले असल्याने तसे उलट कलम घालायला ते विसरले होते. त्या आधारे वर्ष उलटताच नोटीस पाठवली.

पैशांसाठीची तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पुस्तक विकण्यासाठी काढले म्हणजे हेतू व्यापारी होता आणि म्हणून मी ग्राहकच ठरत नाही, असा बचाव संस्थेने मांडला आहे. असा बचाव येणार हे गृहीत धरून मेल, यूपीआयच्या नोंदी, परिशिष्ट पाठवल्याची तारीख आणि मूळ हस्तलिखिताची प्रत पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी. ५०० प्रती खरोखर छापल्या का, याचे छापखान्याचे बिल मी लेखी मागितले होते. ते अद्याप आलेले नाही.

दरम्यान त्याच फोन क्रमांकावरून नव्या नावाची जाहिरात फिरू लागली आहे आणि तिच्यात ‘खंडात्मक मालिकांसाठी विशेष योजना’ आहे. कुणाला तिथे चौकशी करायचीच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी मंजुरीपत्राचा आणि त्यासोबतच्या सर्व परिशिष्टांचा कोरा नमुना मेलवर मागावा. माझ्या ओळखीच्या एका लेखकाने तो मागितला, तेव्हापासून त्याचे फोन उचलले जात नाहीत.