टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर: ११ महिने वापरून झाल्यावर

परवा पहाटे चारला शेजारच्या अक्कांनी गेट वाजवून उठवलं. बाहेर येऊन बघते तर आमच्या गच्चीवरनं पाणी धो धो खाली येतंय आणि त्यांच्या मागच्या पडवीतल्या सुताच्या दोन पिशव्या पार भिजून गेलेल्या. अक्का काही बोलल्या नाहीत, "आधी मोटर बंद कर की" एवढंच म्हणाल्या. पण भिजलेलं सूत बघून मला लई वाईट वाटलं. त्यांचं पोट त्या मागावर आहे. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, मग वाळवायला आमची गच्ची दिली आणि दिवसभर मीच उलटंपालटं केलं. म्हणून आज हे लिहायला बसले, कारण ज्या वस्तूमुळं हे झालं ती वस्तू मी स्वतः गल्लीत चार जणांना घ्या म्हणून सांगितलेली आहे.

कंट्रोलर मागच्या गणपतीच्या आधी घेतला. खालच्या हौदात पाणी असलं आणि वरची टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप चालू, वर भरलं की बंद, हौद आटला तर मोटर कोरडी फिरू देत नाही, वर पाणी किती आहे ते दाखवणारा भिंतीवर पाच दिव्यांचा डबा, तेच नेहमीचं. २,७०० रुपये आणि वायरमनचे वेगळे ६००. हौद आमचा ३,००० लिटरचा, वर १,००० ची टाकी, मोटर अर्ध्या एचपीची.

घ्यायचं कारण आमच्या बेळगावातल्या वडगावात राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला पॉवरलूम आहेत, खटखट रात्री उशिरापर्यंत चालू असते, त्यात मोटर चालू आहे का बंद ते घरात कळतच नाही. टाकी भरून वाहिल्याचा आवाज दुसऱ्यांना येतो, आम्हाला नाही. एकदा मी बादली लावून मोजलं होतं, २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. वीस मिनिटं मोटर विसरली की ६०० लिटर गटारात. आणि पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी, उन्हाळ्यात सात-आठ दिवस लागतात. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी २,४७५ फुटांवर गेली, तलाव भरला अशी बातमी पावसाळ्यात येते तेव्हा सगळ्या गावाला आनंद होतो, पण आमच्या नळाचा दिवस काही त्यानं अलीकडं येत नाही. शहरातल्या ५८ पैकी १० वॉर्डांत २००८ पासून जागतिक बँकेच्या पैशातून २४ तास पाणी आहे, माझी बहीण तशाच एका वॉर्डात राहते, तिच्याकडं हौदच नाही. आम्ही मात्र अजून वाट बघतोय. पाण्याचं काम खासगी कंपनीकडं गेलं, रस्ते खणून झाले, नवीन मीटर बसले, बिलं नेमानं येतात.

तर पहिले तीन महिने मी कंट्रोलरवर एकदम खूश होते. डब्यातला बझर मात्र काही कामाचा नाही, मागाच्या आवाजात ऐकूच येत नाही, आमच्या घरापुरता तो नसल्यातच जमा.

मग पाण्याचं बिल आलं. आधी महिन्याला १४-१५ हजार लिटर असायचं ते एकदम २३ हजार. मी कंट्रोलर बसवला, वाहणं बंद झालं, आणि बिल वाढलं! बिलावरचं सगळं कन्नडात, सासूबाईंना वाचता येत नाही, मला आकडे आणि थोडंफार कळतं, बाकी अक्कांकडनं वाचून घेतलं. कंपनीच्या नंबरावर फोन केला, सहाव्या दिवशी एक पोरगा आला, मीटरची काच पुसली, टॉर्च मारली आणि म्हणाला, "मीटर सरी ऐतरी अक्का." मीटर बरोबर आहे. मी म्हटलं, अहो मग आठ हजार लिटर गेलं कुठं, तर म्हणे ते तुमच्या घरातलं, आमचं काम मीटरपर्यंत. मला त्या दिवशी इतका राग आलेला की सासूबाईंनी मला आत जायला सांगितलं.

आता इथं कंट्रोलरची ती गोष्ट सांगते जी डब्यावर कुठंच लिहिलेली नाही. रात्री दहाला झोपायच्या आधी बघितलं तर सगळ्यात वरचा दिवा लागलेला, टाकी गच्च. पहाटे साडेपाचला उठले, घरात कुणी पाण्याला हात लावलेला नाही आणि वरचा दिवा गेलेला. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या रात्री मी टाकीत काठी बुडवून खडूनं खूण केली, सकाळी परत बुडवली, पाणी १० सेंटीमीटर खाली. आमच्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे साधारण नऊ लिटर, म्हणजे साडेसात तासांत ९० लिटर, दिवसाला पावणेतीनशेच्या पुढं. मग मी संडासच्या फ्लशटाकीत निळीचे चार थेंब टाकले आणि हात न लावता अर्धा तास थांबले. भांड्यात खालपर्यंत निळी रेघ उतरलेली! आतलं रबर झिजलेलं, पाणी भांड्याच्या मागच्या बाजूनं इतकं बारीक सरकत होतं की दिसतही नव्हतं आणि आवाजही नव्हता. ८० रुपयांचं रबर आणून ह्यांनी बसवलं. पुढच्या महिन्यात बिल परत १५ हजारांवर. म्हणजे आठ हजार लिटर खरंच आमच्याच घरातनं जात होतं. तो पोरगा खरं बोलत होता, मी त्याच्यावर उगीच ओरडले. पुढच्या वेळी आला तेव्हा त्याला तसं सांगितलं आणि चहा दिला.

पण कंपनीवरचा माझा राग त्यानं गेलेला नाही, कारण ह्या सगळ्या मोजामोजीत दुसरी गोष्ट सापडली. पाणी यायच्या दिवशी मी मीटरपाशी बसायला लागले. मीटरच्या तबकडीवर एक छोटी लाल चांदणी असते, बारीकसं पाणी गेलं तरी ती फिरते. नळ सोडून ठेवला होता, हौदात थेंब पडलेला नाही, नळातनं नुसता फुस्स आवाज, आणि ती चांदणी अशी गरगरा फिरतेय की डोळ्यानं धरता येत नाही. पाइप चार दिवस रिकामे असतात, त्यात हवा भरते, पाणी आलं की ती हवा आधी आमच्या मीटरमधनं बाहेर पडते आणि मीटरची चक्री हवेनंही फिरते. लाल आकडे बघून लिहून ठेवले, पहिलं पाणी पडायच्या आत ६० लिटर चढलेले. असं महिन्यात सातआठ वेळा, म्हणजे साडेचारशे लिटर हवा. २४ तास पाणी असतं तर पाइप रिकामेच झाले नसते. चार दिवसांनी पाणी सोडायचं तर लाइनवर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवायला पाहिजे, ते काम मीटरच्या आधीच्या लाइनवरचं, म्हणजे त्यांचंच. दोनदा तक्रार केली, व्हिडिओ दाखवला, तक्रार नंबर मिळाला, बाकी काही नाही. पैसे फार नाहीत हो, पण जे पाणी आलंच नाही त्याचे पैसे का द्यायचे? माझ्या गल्लीतली मागवाली माणसं पै पै जोडून बिल भरतात.

लाइटच्या बाबतीत कंट्रोलरनं फार काही वाचवलं असं मी म्हणणार नाही. अर्ध्या एचपीची मोटर तासाला अर्धं युनिट खाते, विसरणं बंद होऊन महिन्याला पाच युनिटं वाचली असतील. आमचं गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, कोष्टक मात्र ह्याच वर्षी हातात आलं. २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के धरून आम्हाला १६२ युनिटं फुकट बसतात, त्याच्या वर गेलं की वरच्याचे पैसे, आणि २०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्याचं बिल. गेल्या मे महिन्यात २०८ झालेली आणि सगळं बिल भरावं लागलं. तेव्हापासून हॉलचा आणि दोन खोल्यांचा पंखा बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणारे, घेतले, जुना ७५ वॅटचा, हा ३० च्या आत. एका पंख्यामागं १२ तासाला अर्धं युनिट वाचतं. तिन्ही मिळून ह्या मे महिन्यात १५८ वर थांबलं. पंखे तीन हजाराच्या आसपास एक, पण डोळे झाकून घ्या.

आता मुख्य गाऱ्हाणं, सेन्सर. कंट्रोलरचा सगळा जीव टाकीत लोंबणाऱ्या त्या स्टीलच्या काड्यांवर आहे. पाणी काडीला लागलं की बारीक करंट जातो आणि डब्याला कळतं. नळाच्या पाण्यात सहा महिने काही झालं नाही. एप्रिलमध्ये पाणी आठ दिवसांवर गेलं तेव्हा आम्ही विहिरीचं पाणी हौदात सोडलं, आणि तीन आठवड्यांत काड्यांवर पांढरा खडबडीत थर, चुन्यासारखा. खालच्या हौदातली काडी झाकली गेली, डबा म्हणे हौद रिकामा, मोटर सुरूच होईना. दुकानदाराकडं गेले तर म्हणाला वॉरंटी वर्षाची आहे पण सेन्सर त्यात येत नाही. अहो, सेन्सर नाही तर मग वॉरंटी कशाची? दिवा लागायची? लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काड्या रात्रभर ठेवल्या, थर निघाला, पण एका काडीचं टोक काळं पडून पेन्सिलीसारखं बारीक झालेलं. वायरमन म्हणाला ह्यात सतत एकाच दिशेनं करंट जातो त्यानं स्टील झिजतंच, चांगल्या डब्यात करंट उलटसुलट देतात. हे दुकानात विचारायला पाहिजे होतं.

पावसात गच्चीवर शेवाळ धरतं, पाय घसरतो, म्हणून जूनपासनं वरच्या टाकीचं झाकण कुणी उघडलंच नाही. आणि परवा रात्री अडीचला पाणी आलं, हौदात पाणी चढलं, मोटर सुरू झाली, आणि वरच्या काडीवर थर असल्यानं टाकी भरली हे डब्याला कळलंच नाही. दीड तास मोटर चालू. टाकीत बसलं ते सोडून दीड हजार लिटर तरी अक्कांच्या पडवीवर.

काल वायरमनला बोलावून दोन्हीकडच्या भरल्या-रिकाम्याच्या काड्या काढल्या आणि तिथं तरंगणारे चुंबकवाले फ्लोट लावले, ४५० ला एक. ह्यात करंट पाण्यात जात नाही, पाण्यानं फ्लोट उचलला की आतलं स्विच लागतं, थर बसला तरी चालतं म्हणे. मधले दिवे जुन्याच काड्यांवर ठेवलेत, ते मला रात्रीच्या गळतीसाठी पाहिजेत. फ्लोट एकच दिवस झालाय, दिवाळीनंतर ह्याच्याबद्दल लिहीन. तोवर, ज्या चार घरांना मी हा कंट्रोलर घ्यायला लावला त्या चारही घरांच्या टाकीची झाकणं रविवारी उघडून बघणार आहे, तसं सांगून आलेय.

शुक्रवारी पाणी यायचं आहे. अक्का पण येतो म्हणाल्यात त्यांच्या मीटरचा व्हिडिओ काढायला.